घंटा, दहा सेकंद आणि जॅक डेम्प्सी

४ जुलै १९१९. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहरात त्या दिवशी अंगाची लाही लाही करणारे ऊन होते. उघड्या मैदानावर कच्च्या लाकडाचे प्रेक्षागार उभारण्यात आले होते आणि उन्हाने फळ्यांतून राळ पाझरत होती. रिंगणात एका बाजूला होता साडेसहा फूट उंचीचा, सुमारे १११ किलो वजनाचा जगज्जेता जेस विलार्ड. दुसऱ्या बाजूला त्याच्यापेक्षा पाच इंचांनी बुटका आणि पंचवीस किलोंहून अधिक हलका असा चोवीस वर्षांचा आव्हानवीर. त्याचे नाव जॅक डेम्प्सी. घंटा वाजली आणि पुढच्या तीन मिनिटांत विलार्ड एकदा नव्हे, दोनदा नव्हे, तब्बल सात वेळा जमिनीवर कोसळला.

सातव्यांदा तो कोपऱ्यात बसकण मारून राहिला तेव्हा पंचांनी अंक मोजायला सुरुवात केली. प्रेक्षकांनी जल्लोष सुरू केला, लढत संपली असे सर्वांनीच गृहीत धरले. डेम्प्सी दोरांखालून बाहेर पडला आणि गर्दीतून वाट काढत निघालाही. परंतु दहा अंक पूर्ण होण्यापूर्वीच फेरी संपल्याचा इशारा झाला होता. गोंगाटात तो कुणाला धड ऐकू गेला नव्हता इतकेच. वेळाधिकाऱ्यांनी ते लक्षात आणून दिले आणि डेम्प्सीला घाईघाईने माघारी बोलावण्यात आले. विलार्ड त्या क्षणी वाचला. मात्र ते वाचणे म्हणजे आणखी दोन फेऱ्यांचा मार होता. चौथ्या फेरीसाठी तो खुर्चीवरून उठलाच नाही आणि डेम्प्सी जगज्जेता झाला.

मुष्टियुद्धात पडलेल्या खेळाडूला घंटेने तारण्याचे प्रसंग अनेक घडले आहेत. इंग्रजी भाषेने तर त्यावरून 'सेव्ह्ड बाय द बेल' हा वाक्प्रचारच घडवला. पण ज्याच्या कारकिर्दीची प्रत्येक मोठी कलाटणी अशा चार-दोन सेकंदांवर अवलंबून राहिली, असा डेम्प्सीसारखा दुसरा मुष्टियोद्धा क्वचितच सापडेल. घंटेने त्याच्या हातचा विजय लांबवला, काट्याने त्याचे अजिंक्यपद राखले आणि त्याच काट्याने ते परत मिळवण्याची त्याची अखेरची संधी हिरावूनही घेतली.

नियमांची पार्श्वभूमी

हे सारे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी लढती होत. त्या काळी फेरीला वेळेचे बंधन नव्हते. एक गडी पडला की फेरी संपे. मग अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीनंतर त्याने रिंगणाच्या मध्यावरील रेषेपाशी येऊन उभे राहायचे, असा रिवाज होता. एकेक लढत तास-दोन तास चाले आणि फेऱ्यांची संख्या पन्नास-साठच्या पुढे जाई.

१८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी हे चित्र बदलले. हातमोजे आले. तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती ठरली. पडलेल्या खेळाडूला दहा सेकंदांत आपल्या पायांवर उभे राहणे बंधनकारक झाले. मात्र यातून एक पेच निर्माण झाला. दहा सेकंदांचे मोजमाप आणि तीन मिनिटांचे मोजमाप ही दोन स्वतंत्र घड्याळे एकाच रिंगणात चालू लागली. पडलेला गडी सातव्या-आठव्या अंकावर असताना फेरीची तीन मिनिटे संपली तर काय करायचे? त्या काळच्या प्रघाताप्रमाणे फेरीचे घड्याळ वरचढ ठरे. सहकारी त्याला उचलून कोपऱ्यात नेत, तोंडावर पाणी मारत आणि मिनिटभरानंतर तो पुन्हा उभा राही. पाडणाऱ्याने दूर कोपऱ्यात जाऊन थांबण्याची अटही अमेरिकेतील रिंगणांत काटेकोरपणे पाळली जात नसे. पडलेला गडी गुडघ्यावरून उठतो न उठतो तोच त्याला पुन्हा ठोसा बसे. डेम्प्सी घडला तो याच वातावरणात.

खाणींच्या मुलुखातील बालपण

विल्यम हॅरिसन डेम्प्सी हे त्याचे खरे नाव. त्याचा जन्म २४ जून १८९५ रोजी कोलोरॅडो राज्यातील मनासा या लहानशा गावी झाला. पश्चिम व्हर्जिनियातून स्थलांतर करून आलेल्या या कुटुंबात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी होती. वडील कामाच्या शोधात गावोगाव फिरत आणि त्यांच्यामागे बिऱ्हाडही हलत असे. शालेय शिक्षण नावापुरतेच झाले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास विल्यमने घर सोडले. मालगाडीच्या डब्यांखालील लोखंडी गजांना बिलगून फुकट प्रवास करायचा, भटक्यांच्या तळावर रात्र काढायची, मिळेल ते काम करायचे आणि काम नसेल तेव्हा खाणकामगारांच्या दारूच्या गुत्त्यात शिरून कुणाशीही लढण्याची तयारी दाखवायची, असा त्याचा दिनक्रम झाला. जिंकल्यावर प्रेक्षक टोपीत जी नाणी टाकत तीच त्याची कमाई.

या काळात तो 'किड ब्लॅकी' या नावाने लढे. जबडा बळकट व्हावा म्हणून तो पाइन वृक्षाचा डिंक चघळत असे आणि चेहऱ्याची कातडी सहजी फाटू नये म्हणून ती खारवलेल्या पाण्यात भिजवत असे. त्याचा मोठा भाऊही मुष्टियोद्धा होता. एकोणिसाव्या शतकातील एका नामांकित विजेत्याच्या नावावरून तो स्वतःला जॅक डेम्प्सी म्हणवून घेई. १९१४ मध्ये भावाच्या जागी लढायला उतरण्याची वेळ आली तेव्हा धाकट्याने ते नावही उचलले आणि पुढे तेच जगभर गाजले.

आरंभीची वाटचाल सोपी नव्हती. १९१७ च्या फेब्रुवारीत युटा राज्यातील मरे येथे जिम फ्लिन याने त्याला पहिल्याच फेरीत गारद केले. गारद होऊन झालेला कारकिर्दीतील त्याचा हा एकमेव पराभव. त्याच वर्षी जॅक कर्न्स या धूर्त व्यवस्थापकाशी त्याची गाठ पडली आणि दिवस पालटले. १९१८ मध्ये धिप्पाड फ्रेड फुल्टनला त्याने अवघ्या काही सेकंदांत झोपवले. पुढील वर्षी टोलेडोचा सामना ठरला. डेम्प्सी पहिल्याच फेरीत जिंकेल यावर कर्न्सने दहा हजार डॉलरची पैज लावली होती, असे सांगितले जाते. दहास एक हा भाव गृहीत धरला तर त्या घंटेने विलार्डला वाचवताना विजेत्याच्या गोटाचे एक लाख डॉलर बुडवले.

विजेता, पण नकोसा

जगज्जेतेपद मिळाले तरी लोकप्रियता मिळाली नाही. पहिल्या महायुद्धात डेम्प्सी सैन्यात गेला नव्हता. कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचे कारण दाखवून त्याने सवलत घेतली होती. जहाजबांधणीच्या कामावर असल्याचे दाखवणारे त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले, त्यात कामगाराच्या पोशाखाखाली चकचकीत बूट दिसत होते. लोकांनी त्याची कामचुकार म्हणून हेटाळणी केली. विभक्त झालेल्या पहिल्या पत्नीच्या आरोपांमुळे प्रकरण न्यायालयात गेले. १९२० च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीने काही मिनिटांतच त्याला निर्दोष ठरवले. पण कायद्याने पुसलेला डाग जनमानसात तसाच राहिला.

प्रवर्तक टेक्स रिकार्डने नेमका याच रोषाचा व्यापार केला. २ जुलै १९२१ रोजी जर्सी सिटी येथे डेम्प्सीची गाठ फ्रान्सच्या जॉर्जेस कार्पांतिएशी घालण्यात आली. कार्पांतिए देखणा होता आणि युद्धात पराक्रमाचे पदक मिळवलेला वैमानिक होता. अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकन विजेत्याविरुद्ध असंख्य प्रेक्षकांनी परदेशी आव्हानवीराचा जयघोष केला. सुमारे ऐंशी हजार लोक या लढतीला हजर होते आणि तिकीटविक्रीने इतिहासात प्रथमच दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या आरंभीच्या मोठ्या क्रीडाप्रसंगांतही तिची गणना होते. चौथ्या फेरीत डेम्प्सीने कार्पांतिएला गारद केले.

या काळातील एक बाब मात्र त्याच्या नावाला कायमची चिकटली. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा अनेक वर्षे अव्वल आव्हानवीर मानला जात होता. डेम्प्सीने पूर्वी कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांशी दोन हात केले होते, परंतु अजिंक्यपद मिळताच वर्णाची भिंत उभी राहिली. १९१० मध्ये जॅक जॉन्सनने श्वेतवर्णीय जिम जेफ्रीजला हरवल्यानंतर अमेरिकेत उसळलेल्या दंगलींची आठवण ताजी होती आणि त्या लढतीचा प्रवर्तकही रिकार्डच होता. विल्सशी सामन्याचे करार झाले, तारखांची चर्चा झाली, पण प्रत्यक्षात लढत कधीच झाली नाही. दोष कुणाचा किती, यावर वाद होऊ शकतो. परंतु विल्सला त्याच्या उमेदीच्या वर्षांत अजिंक्यपदासाठी लढण्याची संधी दिली गेली नाही, हे सत्य उरतेच.

१९२३ च्या जुलैमध्ये मोंटाना राज्यातील शेल्बी या छोट्या गावाने आपले नाव जगाच्या नकाशावर आणण्यासाठी डेम्प्सीला पाचारण केले. तीन लाख डॉलरचे मानधन कबूल केले गेले, पण प्रेक्षक फिरकलेच नाहीत. टॉमी गिबन्सने पंधराही फेऱ्या झुंज दिली आणि त्याच्या हाती कवडीही पडली नाही. कर्न्स मिळेल ती रक्कम घेऊन निघून गेला आणि त्या भागातील बँका बुडाल्या.

दोरांपलीकडे कोसळलेला जगज्जेता

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १४ सप्टेंबर १९२३ रोजी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ती विलक्षण लढत झाली. प्रतिस्पर्धी होता अर्जेंटिनाचा लुईस आंखेल फिर्पो. पम्पास कुरणांवरचा रानबैल म्हणून तो ओळखला जाई आणि डेम्प्सीपेक्षा सुमारे अकरा किलोंनी वजनदार होता. ऐंशी हजारांच्या घरात प्रेक्षक जमले होते.

पहिल्याच फेरीत फिर्पो सात वेळा पडला. प्रत्येक वेळी डेम्प्सी त्याच्या शेजारीच उभा राहून तो उठण्याची वाट पाहत होता. तरीही फिर्पो उठत राहिला आणि फेरीच्या अखेरीस त्याच्या उजव्या हाताच्या तडाख्याने खुद्द जगज्जेता दोरांमधून थेट रिंगणाबाहेर फेकला गेला. खाली पत्रकारांची टेबले होती. लेखणी आणि टंकलेखन यंत्रांवर डेम्प्सी पाठीवर आदळला. तिथल्या माणसांनी त्याला वर ढकलले आणि तो कसाबसा आत परतला. बाहेर पडलेल्या खेळाडूने कुणाच्याही मदतीशिवाय परत यावे, असा दंडक असतानाही पंचांनी लढत पुढे चालू ठेवली. त्याला दहा सेकंदांहून अधिक वेळ मिळाला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो.

आत आलेला डेम्प्सी अर्धवट शुद्धीत होता. फिर्पोने आणखी अर्धे मिनिट मारा करायला हवा होता, पण ते अर्धे मिनिट शिल्लकच नव्हते. घंटा वाजली. टोलेडोत ज्या घंटेने विलार्डला आसरा दिला होता, तिनेच या वेळी डेम्प्सीला दिला. विश्रांतीच्या त्या एका मिनिटात तो सावरला आणि दुसऱ्या फेरीत मिनिटभराच्या आतच त्याने फिर्पोला कायमचे आडवे केले. चित्रकार जॉर्ज बेलोज यांनी १९२४ मध्ये रंगवलेले या प्रसंगाचे चित्र न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. अर्जेंटिनात १४ सप्टेंबर हा मुष्टियोद्ध्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. तेथील अनेकांच्या लेखी फिर्पो त्या रात्री हरलाच नव्हता.

चौदा सेकंदांचा वाद

पुढील तीन वर्षे डेम्प्सीने अजिंक्यपद पणाला लावले नाही. १९२५ मध्ये त्याने एस्टेल टेलर या अभिनेत्रीशी विवाह केला. कर्न्सशी बेबनाव होऊन प्रकरण न्यायालयात पोहोचले. शरीरातील धार बोथट होत गेली. २३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फिया येथे भर पावसात, १ लाख २० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर जीन टनीने त्याला गुणांवर हरवले. टनी हा नौसैनिक दलातून आलेला, पुस्तकांत रमणारा आणि डोके शांत ठेवून लढणारा खेळाडू होता. डेम्प्सीने पराभवाबद्दल एकही सबब सांगितली नाही. ठोसा चुकवायला आपण विसरलो, एवढेच पत्नीला सांगून त्याने विषय मिटवला. आणि आश्चर्य म्हणजे ज्या लोकांनी विजेत्या डेम्प्सीचा तिरस्कार केला, तेच पराभूत डेम्प्सीवर प्रेम करू लागले.

१९२७ चा जुलै त्याच्यासाठी भीषण ठरला. मानसिक संतुलन बिघडलेल्या त्याच्या भावाने पत्नीची हत्या करून आत्महत्या केली. त्याच महिन्यात डेम्प्सीने जॅक शार्कीला सातव्या फेरीत गारद करून टनीशी पुन्हा लढण्याचा हक्क मिळवला. शार्की कमरेखालच्या ठोशाची तक्रार करण्यासाठी पंचांकडे वळला असताना डेम्प्सीने त्याच्या हनुवटीवर प्रहार केला होता. या विजयाचीही उलटसुलट चर्चा झाली.

२२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर एक लाखाहून अधिक लोक जमले. तिकीटविक्री साडेसव्वीस लाख डॉलरच्या पुढे गेली. पाडणाऱ्याने सर्वांत दूरच्या तटस्थ कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजणी सुरू होणार नाही, हा नियम इलिनॉय राज्यात लागू होता. पंच डेव्ह बॅरी यांनी लढतीपूर्वी दोघांनाही तो समजावून सांगितला होता.

पहिल्या सहा फेऱ्या टनीच्या होत्या. सातव्या फेरीत मात्र डेम्प्सीने त्याला दोरांपाशी गाठले आणि ठोशांची अशी सरबत्ती केली की टनी आयुष्यात प्रथमच खाली बसला. त्याचा एक हात दोरावर होता आणि नजर शून्यात. डेम्प्सी सवयीप्रमाणे जवळच उभा राहिला. बॅरींनी त्याला दूर कोपऱ्यात जाण्याची खूण केली, तरी क्षणभर तो हललाच नाही. दहा वर्षांची सवय एका सूचनेने मोडत नाही. तो कोपऱ्यात पोहोचेपर्यंत वेळाधिकारी पाचव्या अंकाच्या आसपास आले होते. पंचांनी मात्र मोजणी एकपासून सुरू केली. टनी नवव्या अंकाला उभा राहिला. एकूण सुमारे चौदा सेकंद त्याला मिळाले.

उठल्यानंतर टनीने हुशारीने मागे मागे सरकत रिंगणाला फेऱ्या घातल्या. बत्तिशीतल्या डेम्प्सीच्या थकलेल्या पायांना त्याचा पाठलाग झेपला नाही. त्याने हातवारे करून टनीला पुढे येऊन लढण्याचे आव्हानही दिले, पण टनी बधला नाही. घंटा वाजली आणि संधी गेली. आठव्या फेरीत टनीने डेम्प्सीला पाडले, तेव्हा टनी तटस्थ कोपऱ्यात जाण्याची वाट न पाहता पंचांनी लगेच मोजायला सुरुवात केली. दहा फेऱ्यांनंतर गुणांवर टनी विजयी ठरला आणि डेम्प्सीची मुख्य कारकीर्द तिथेच संपली.

आपण आधीही उठू शकलो असतो, असे टनी पुढे कायम सांगत राहिला. डेम्प्सीच्या चाहत्यांनी ते कधीच मान्य केले नाही. खुद्द डेम्प्सीने मात्र या वादाचे भांडवल केले नाही. कोपऱ्यात जायला उशीर आपणच केला, ही गोष्ट तो नाकारत नसे. ज्या सवयीने विलार्ड आणि फिर्पोला नामोहरम केले होते, तीच सवय शिकागोत त्याच्या मुळावर आली होती. दोघे प्रतिस्पर्धी पुढे जिवलग मित्र झाले. १९७८ मध्ये टनीचे निधन होईपर्यंत ती मैत्री टिकली.

रिंगणाबाहेरचे आयुष्य

१९२९ च्या शेअर बाजारातील कोसळीत डेम्प्सीची बरीचशी पुंजी बुडाली. एस्टेलशी घटस्फोट झाला. पैशासाठी त्याने गावोगाव प्रदर्शनीय लढती केल्या, पंच म्हणून काम केले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनजवळ त्याने उपाहारगृह सुरू केले. पुढे ते ब्रॉडवेवर गेले आणि १९७४ पर्यंत चालले. काचेच्या खिडकीपाशी बसलेला माजी जगज्जेता आल्यागेल्याशी हस्तांदोलन करतो, स्वाक्षरी देतो, हे त्या शहरातील नित्याचे दृश्य बनले होते.

दुसऱ्या महायुद्धाने त्याला जुने ओझे उतरवण्याची संधी दिली. वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर तो अमेरिकेच्या तटरक्षक दलात अधिकारी म्हणून दाखल झाला, जवानांना शारीरिक प्रशिक्षण दिले आणि १९४५ मध्ये ओकिनावाच्या मोहिमेतही गेला. वीस वर्षांपूर्वी चकचकीत बुटांवरून त्याची टवाळी करणाऱ्या वृत्तपत्रांनी आता त्याचा गौरव केला. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने घेतलेल्या मतचाचणीत अर्ध्या शतकातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा म्हणून त्याचीच निवड झाली.

१९६४ मध्ये पुन्हा एक वादळ उठले. टोलेडोच्या लढतीत आपण डेम्प्सीच्या हातांवरील पट्ट्यांत प्लॅस्टर घातले होते, असा कर्न्सचा दावा त्याच्या मृत्यूनंतर एका नियतकालिकाने छापला. डेम्प्सीने न्यायालयात धाव घेतली आणि नियतकालिकाला माघार घ्यावी लागली. ३१ मे १९८३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.

दरम्यानच्या काळात नियम बरेच बदलले. पाडणाऱ्याने तटस्थ कोपऱ्यात जाणे आता सर्वत्र बंधनकारक आहे. अमेरिकेतील व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या एकत्रित नियमांनुसार पडलेल्या खेळाडूला कोणत्याच फेरीत घंटा वाचवू शकत नाही. तीन मिनिटे संपली तरी दहापर्यंतची मोजणी पूर्ण होते. आजचे नियम असते तर टोलेडोची लढत बहुधा पहिल्याच फेरीत आटोपली असती आणि विलार्डच्या नशिबी पुढच्या दोन फेऱ्यांचा मार आला नसता. पोलो ग्राउंड्सवर तर दोरांपलीकडे पडलेल्या जगज्जेत्याला पत्रकारांच्या हातांचा आधार घेता आला नसता आणि कदाचित अजिंक्यपद त्याच रात्री ब्युनोस आयर्सला गेले असते. शिकागोचा निकाल मात्र आजच्या नियमांनीही बहुधा तोच लागला असता. डेम्प्सीने आयुष्यभर त्या निकालाबद्दल कुरकुर केली नाही. घड्याळाने आपल्याला काय दिले आणि काय घेतले, याचा हिशेब त्याला इतरांपेक्षा चांगला ठाऊक होता.